सांबऱ्याच्या आभाळातली लहान विमानं: इंधन कोणतं, हे कुणीतरी विचारायला हवं

तांबडी_माती

नमस्कार मंडळी. बेळगाव-बागलकोट रस्त्याच्या पट्ट्यात, सांबरा विमानतळाजवळ आमचं घर आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हा त्रास एका गावाचा नाही.

विमान आम्हाला नवं नाही. १९४२ साली ब्रिटिशांच्या हवाई दलानं इथं धावपट्टी केली, तेव्हापासून आमच्या घरची माणसं मान वर करून विमान बघत आली. धावपट्टी जवळपास पूर्व-पश्चिम आहे आणि विमान वाऱ्याला तोंड देऊन उडतं. त्यामुळे पावसाळी वारं सुटलं की उड्डाण पश्चिमेला, शहराच्या बाजूला आणि उतरणं पूर्वेकडून, हे इथलं शाळकरी पोरही सांगेल. सप्टेंबर २०१७ मध्ये नवी टर्मिनल इमारत झाली, मार्च २०२४ मध्ये आणखी मोठ्या टर्मिनलची कोनशिला बसली. त्याचा आम्हाला आनंदच आहे. हा धागा विमानतळ बंद करा म्हणायला काढलेला नाही.

बदललंय ते गेल्या काही वर्षांत. २०२१ मध्ये विमानतळ प्राधिकरणानं वैमानिक प्रशिक्षणासाठी पाच विमानतळ निवडले: बेळगाव, जळगाव, कलबुर्गी, खजुराहो आणि लीलाबारी. तेव्हापासून आपल्याकडे एका इंजिनाची लहान विमानं आली. मोठं विमान येतं, आवाज करतं आणि निघून जातं. लहान विमान घिरट्या घालतं. वर चढतं, वळतं, पुन्हा वळतं, उतरतं, चाकं टेकली न टेकली की परत वर. ज्वारीवर भोरड्या फिरतात तसं तेच तेच वर्तुळ.

आई पहाटे म्हशीखाली बसते. विमान गोठ्यावरून गेलं की म्हैस कान उभे करते, मागचा पाय झटकते आणि पान्हा चोरते. आई आचळ सोडून तिच्या पाठीवर थाप मारत "हो बाय, हो" म्हणत थांबते. पान्हा परत फुटेपर्यंत पुढचं विमान येतं. आईनं आजवर कुणाकडे तक्रार केलेली नाही. चरवी थोडी रिकामी राहते, एवढंच.

आवाजाचं आम्ही सोसत होतो. पण वाचताना एक गोष्ट कळली, ती सोसण्यातली वाटत नाही. मोठ्या जेट विमानांच्या इंधनात शिसं नसतं. पिस्टन इंजिनाच्या लहान विमानांमध्ये मात्र जगभर अजूनही '१०० एलएल' नावाचं पेट्रोल मोठ्या प्रमाणात वापरलं जातं आणि त्यात शिसं मिसळलेलं असतं, लिटरमागे जास्तीत जास्त ०.५६ ग्रॅम. आपल्या देशात गाड्यांच्या पेट्रोलमधून शिसं २००० साली गेलं. जगात शेवटचा देश अल्जीरिया, त्यानंही २०२१ मध्ये ते बंद केलं. मग रस्त्यावरून काढून टाकलेलं शिसं आभाळातून खाली येतंय का, हा प्रश्न आहे. आरोप नाही, प्रश्नच. आपल्यावरून फिरणारी विमानं कुठल्या इंधनावर चालतात, कुणाला माहीत आहे का?

भाताचं_वावर

आमच्या वावरावरनं दिवसभर फिरालेत बगा. लोंब्या धरल्या की पाखरं राखायला बसावं लागतंय, कान किट्ट हुत्यात. म्या तक्रार द्यायला गेल्तो. खरं साहेब म्हटले, हे आमच्या खात्यात येत नाही. दुसऱ्या हापिसात गेलो तर त्येनी म्हटले पयल्या हापिसात जावा. तिसऱ्यांदा गेलो नाही, कापणी आली.

आनि एक इचारायचं हुतं. घरावरच्या पाण्याच्या टाकीवर काळं पुट बसतंय. ते विमानाचंच म्हणायचं का?

खडूफळा

मी ह्याच पट्ट्यातल्या प्राथमिक शाळेत शिकवते. आमचा वर्ग पत्र्याचा आहे. तिसरीला कविता शिकवताना मी दुसऱ्या ओळीवर थांबते, कारण मागच्या बाकांना ऐकू जात नाही. विमान जातं, मी ओळ परत पहिल्यापासून घेते. मुलांना ह्याची इतकी सवय झाली आहे की घरघर सुरू झाली की ती आपणहून बोट त्या शब्दावर ठेवून गप्प बसतात. मला ह्या सवयीचंच वाईट वाटतं.

जर्मनीतल्या म्युनिकचा एक अभ्यास आहे. मे १९९२ मध्ये तिथला जुना विमानतळ बंद होऊन नवा दुसरीकडे सुरू झाला. संशोधकांनी दोन्ही ठिकाणच्या मुलांना आधी आणि नंतर तपासलं. नव्या विमानतळाजवळच्या मुलांचं वाचन आणि दीर्घकाळ लक्षात ठेवणं खालावलं. जुन्या विमानतळाजवळच्या मुलांचं सुधारलं. हे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. मला त्यातला दुसरा भाग धीराचा वाटतो: आवाज थांबला की मुलं सावरतात.

कॅम्पातला

मी व्यापारी माणूस, स्पष्ट लिहितो. आपल्या विमानतळावरच्या फेऱ्या टिकवायला इथल्या लोकांनी किती अर्ज-विनंत्या केल्या ते मी पाहिलं आहे. हुबळीला विमान मिळतं आणि आपल्याला नाही, ही सल जुनी आहे. त्यात आपलीच माणसं आवाज आवाज म्हणायला लागली तर वर बसलेल्यांना निमित्तच हवं असतं. उद्या सांगतील, लोकांचा विरोध आहे, फेऱ्या कमी करतो. आणि प्रशिक्षणामुळे गावातल्या खोल्या भाड्यानं गेल्यात, खानावळी चालल्यात, तेही लिहा.

तांबडी_माती

@कॅम्पातला, तुमची भीती खोटी नाही. म्हणूनच सुरुवातीलाच लिहिलं की विमानतळ हवा आहे. प्रवासी विमानांबद्दल ह्या धाग्यात कुणाचीच मागणी नाही. भाड्याच्या खोल्यांचंही खरं, माझ्या चुलत्यांनीच दोन खोल्या दिल्यात. पण ज्याला भाडं मिळतं त्याच्याही नातवंडाच्या रक्तात काय जातंय हे त्याला कळायला हवं ना?

पायलटचा_बाप

राहवलं नाही म्हणून लिहितो. माझा मुलगा वैमानिकीचं शिक्षण घेतोय, इथं नाही, दुसऱ्या राज्यात. त्यामुळे मला दोन्ही बाजू कळतात.

तुम्ही ज्याला घिरट्या म्हणता त्याला ते सर्किट म्हणतात. जमिनीपासून साधारण हजार फुटांवर आयताकृती फेरी, आणि उतरण्याचा सराव पुन्हा पुन्हा. वैमानिकीत सगळ्यात अवघड उतरणंच, त्यामुळे हा सराव टाळता येत नाही. सकाळी लवकर उडवतात कारण तेव्हा हवा गार आणि शांत असते, नवशिक्याला विमान सांभाळता येतं. दुपारी जमीन तापली की विमान उचंबळतं. पोरांचा जीव त्यावर असतो, हे कृपया विसरू नका.

इंधनाबद्दल: सगळी लहान विमानं सारखी नसतात. काही नव्या जातीच्या विमानांचं इंजिन साध्या, बिनशिशाच्या पेट्रोलवर चालतं. काही डिझेल इंजिनाची असतात, ती जेटचंच इंधन घेतात. जुन्या जातीची बरीच विमानं मात्र १०० एलएलवरच चालतात. हे इंधन पूर्वी परदेशातून यायचं. सप्टेंबर २०२२ पासून इंडियन ऑइल ते देशातच, वडोदऱ्याला बनवतं. म्हणजे बाहेरून बघून सांगता येणार नाही. विमानाची जात कळली तर थोडा अंदाज येतो, पण टाकीत प्रत्यक्ष काय भरतात हे कागदावरच कळणार. तुमचा प्रश्न बरोबर आहे, आणि बाप म्हणून सांगतो, तो मलाही विचारावासा वाटतो. इंधनाच्या वासात माझंच पोर रोज उभं असतं.

आकडेमोड

टाकीवरच्या पुटाबद्दल आधी. भाताचं_वावर काका, ते काळं विमानाचंच असं डोळ्यांनी ठरवता येत नाही. आपल्या भागात वीटभट्ट्या आहेत, उसाचा पाला पेटतो, रस्त्यावर डिझेलचे ट्रक आहेत. अर्जात "विमानाची काजळी" असं लिहिलंत आणि उद्या ती भट्टीची निघाली, तर खऱ्या मुद्द्यावरही कुणी विश्वास ठेवणार नाही. विमानाच्या धुरातले जे कण खरे काळजीचे, ते इतके सूक्ष्म की पुट म्हणून दिसतच नाहीत. लॉस एंजेलिसच्या विमानतळाच्या वाऱ्याखालच्या वस्तीत २०१४ साली असे कण मोजले, तर १६ किलोमीटरपर्यंत त्यांची संख्या दुप्पट होती. तो विमानतळ प्रचंड मोठा, त्याचा आकडा सांबऱ्याला चिकटवू नका. एवढंच घ्या की दिसत नाही म्हणजे नाही असं नसतं.

आता आवाज. इथं खरी ग्यानबाची मेख आहे. २००० च्या ध्वनी नियमांत रहिवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पण २०१८ मध्ये केंद्रानं विमानतळाच्या ध्वनिक्षेत्रासाठी, म्हणजे विमानांचा आवाज पोहोचतो त्या आजूबाजूच्या पट्ट्यासाठी, वेगळी मर्यादा काढली. वर्षाला ५०,००० पेक्षा जास्त विमानांची ये-जा असलेल्या ठिकाणी दिवसा ७०, रात्री ६५. बाकी विमानतळांना दिवसा ६५, रात्री ६०. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनं युरोपसाठी विमानाच्या आवाजाची शिफारस दिली ती ४५, रात्री ४०.

आणि आपली मर्यादा आहे सरासरीची. सकाळी ६ ते रात्री १० अशी सोळा तासांची सरासरी. समजा दिवसातून वीस वेळा विमान डोक्यावरून गेलं, दर वेळी अर्धा मिनिट ८० डेसिबल. बाकी वेळ अगदी सामसूम धरा. सरासरी येते जेमतेम ६०. म्हणजे बाई वीस वेळा थांबल्या, म्हैस वीस वेळा बिथरली, आणि कागदावर सगळं नियमात!

म्हणून सरासरीच्या मागे लागू नका. प्रत्येक विमान मिनिटासह वहीत लिहा. वेळ, दिशा, मोठं का लहान, आणि त्या वेळी कोणतं काम थांबलं. मोबाइलमधलं आवाज मोजायचं ॲप पुरावा म्हणून चालत नाही, कारण ते प्रमाणित नसतं. पण त्याच मोबाइलनं त्याच जागी रोज मोजलंत तर कुठला तास वाईट हे कळतं.

शहापूरची_लेक

मी शहापूरची, लग्न होऊन लंडनला आले, आता हाउन्स्लोत राहते. हीथ्रोची विमानं आमच्या परसातल्या दोरीवरच्या कपड्यांना शिवून जातात असं वाटतं. इथले लोक कित्येक दशकं भांडतायत. विमानतळ काही हलला नाही, पण त्यांनी पदरात पाडून घेतलेल्या दोन गोष्टी सांगते.

एक, रात्रीच्या विमानांना वर्षाची मर्यादा आहे, ५,८०० च्या आसपास. दुसरी मला जास्त आवडते. हीथ्रोला दोन धावपट्ट्या आहेत आणि दुपारी ३ वाजता उतरण्याची धावपट्टी बदलते. एका बाजूच्या वस्तीला सकाळी त्रास, दुसरीला दुपारनंतर, आणि पुढच्या आठवड्यात उलट. वेळापत्रक आधीच जाहीर असतं. माझ्या शेजारची आजी त्याप्रमाणे झोपते. आवाज आहेच, पण कधी नसणार हे माहीत असलं की माणूस जगू शकतो.

आपल्याकडे धावपट्टी एकच. पण ते सर्किट धावपट्टीच्या उत्तरेला किंवा दक्षिणेला घेता येत असेल ना? मग एक आठवडा उत्तरेच्या गावांवर, एक आठवडा दक्षिणेच्या, असं मागता येईल का? पायलटचे बाबा सांगू शकतील.

पायलटचा_बाप

@शहापूरची_लेक, सर्किट सहसा डावीकडे वळणाचं असतं, पण उजवीकडचंही घेतात. तिथला भूभाग, लष्करी हद्द, नियंत्रण कक्षाची सोय हे सगळं बघून ठरतं. मागणी अवास्तव मुळीच नाही. शाळेच्या परीक्षेच्या दिवसांत तेवढे तास सोडा, हेही मागा. पहाट मात्र पूर्ण बंद करा म्हणू नका, पोरांना दुपारच्या उकळत्या हवेत ढकलल्यासारखं होईल.

खडूफळा

परीक्षेचे तास! एवढं जरी मिळालं तरी मी पेढे वाटीन. वेळापत्रक आम्ही महिनाभर आधी देऊ शकतो.

टिळकवाडी_डॉक्टर

मुलांच्या शिशाबद्दल लिहितो, कारण दोन आया हा धागा वाचून आजच विचारून गेल्या.

शिशाची सुरक्षित अशी पातळी नाही, हे जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते. सगळ्यात जास्त नुकसान लहान मुलांच्या मेंदूचं होतं: बुद्धी, लक्ष, वागणं. वरून काहीच दिसत नाही, हीच अडचण. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा परगण्यात रीड-हिलव्ह्यू नावाचा लहान विमानांचा विमानतळ आहे. तिथल्या परगण्यानं २०२१ मध्ये आजूबाजूच्या मुलांच्या रक्ताच्या तपासण्यांचा अभ्यास करून घेतला. विमानतळाच्या जवळ राहणाऱ्या मुलांत शिसं जास्त आढळलं. परगण्यानं १ जानेवारी २०२२ पासून तिथं शिशाच्या इंधनाची विक्री थांबवली. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनंही मान्य केलं की ह्या विमानांमधून निघणारं शिसं आरोग्याला धोक्याचं आहे.

पण घाबरून जाऊ नका. आपल्याकडे शिसं घरात शिरायच्या वाटा पुष्कळ आहेत. जुना तैलरंग (शिशाला ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची, मर्यादा २०१७ पासूनच आली), पिवळीजर्द दिसावी म्हणून रंगवलेली हळद, शिसं मिसळलेली कल्हई, घरामागे फोडलेल्या बॅटऱ्या. मुलाची तपासणी करायचीच असेल तर ती बोटातल्या थेंबावर न थांबता शिरेतल्या रक्ताची करा. ३.५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा त्याहून जास्त आलं तर आधी घर तपासा. विमानाचा वाटा किती हे एका मुलाच्या रक्तावरून कुणीच सांगू शकत नाही. त्यासाठी आधी इंधन कळलं पाहिजे, म्हणजे धागाकर्त्याचा मूळ प्रश्न.

तोपर्यंत अंगणातून आलेल्या मुलांचे हात साबणानं धुवा, आणि पोटभर न्याहारी, नाचणी, दूध, पालेभाजी द्या. लोह आणि कॅल्शियम कमी असलं की शरीर शिसं जास्त ओढून घेतं.

खानापूरकर

वकिली करतो, कामाचं तेवढं लिहितो.

माहिती अधिकारात अर्ज टाका, विमानतळ प्राधिकरण आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालय दोन्हीकडे. प्रशिक्षण संस्था खासगी असल्या तरी ही दोन्ही सरकारी आहेत. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर, नाही आलं तर पहिलं अपील. "प्रदूषण का करता" असलं काही विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही. कागद मागा. प्रशिक्षणाच्या विमानांच्या जाती आणि संख्या. विमानतळावर साठवल्या जाणाऱ्या इंधनाचे प्रकार. ध्वनिक्षेत्राचा नकाशा आखला आहे का, त्याची प्रत. पर्यावरण मंजुरी घेतली असल्यास तिच्या अटी आणि त्या पाळल्याचे सहामाही अहवाल.

आता आपल्या भागातली गोम. एका गृहस्थांनी असाच एक अर्ज एका कार्यालयात मराठीत दिला आणि तो परत आला. चीड येते, मलाही आली. पण कायद्याचं कलम ६ वाचा: अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत. मराठीवरच्या अन्यायाची लढाई १९५६ पासून चालू आहे आणि महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. ती लढाई ह्या अर्जावर लढायला गेलात तर तीस दिवस वाया जातील, तेवढे दिवस विमानं फिरतच राहतील. अर्ज हिंदीत किंवा कन्नडात करा. ग्रामसभेचा ठराव मात्र नक्की घ्या.

हे सगळं करून काहीच झालं नाही तर हरित लवाद आहे, आपल्यासाठी चेन्नईचं खंडपीठ. दिल्लीत वसंत कुंजचे रहिवासी विमानांच्या आवाजासाठी लवादाकडे गेले होते. जपानात ओसाकाच्या लोकांनी १९६९ मध्ये दावा लावला, १९८१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं रात्रीची विमानं बंद करायला नकार दिला पण झालेल्या त्रासाची भरपाई मंजूर केली. आणि गंमत बघा, कोर्टानं नाकारलं तरी रात्रीची बंदी प्रत्यक्षात टिकलीच: त्या विमानतळावर आजही रात्री ९ ते सकाळी ७ विमान उडत नाही. निकालाला बारा वर्षं लागली, हेही लक्षात असू द्या.

जय_सीमाभाग

मराठीत अर्ज चालत नाही हे वाचून रक्त उसळतं. आपल्याच जमिनीवर, आपल्याच आभाळाबद्दल, आपल्या भाषेत विचारता येत नाही. वकीलसाहेब म्हणतात ते पटतं, पण सोपं नाही, एवढं नोंदवून ठेवतो.

भाताचं_वावर

आमच्या बांधाला बांध लागून कन्नड माणसाचं वावर हाय. त्येच्या पोरीला बी शाळंत ऐकू येईना झालंय. म्या त्येला सांगितलं, तर म्हटला मी लिवून देतो की. काल रातच्याला दिव्याखाली बसून त्येनं कन्नडात अर्ज लिवला, म्या मराठीत सांगाय, त्यो कन्नडात लिवाय. शिशाला कन्नडात 'सीस' म्हणत्यात. आमचं शिसं, त्येंचं सीस. सही दोघांची केलीया.

कॅम्पातला

हे वाचलं आणि मागचा माझा सूर जरा चढा लागला असं वाटलं. इंधनाचा प्रश्न मला पटला. आमच्या व्यापारी मंडळींच्या बैठकीत मांडतो. प्रवासी फेऱ्या आणि हा विषय वेगळे आहेत, एवढं पत्रात पहिल्याच ओळीत लिहा, मीही सही करतो.

तांबडी_माती

मंडळी, झालं ते कळवतो.

कन्नड अर्जाची प्रत केली, सोबत एक हिंदी. दोन्ही कार्यालयांना स्पीड पोस्टानं गेले. दहा-दहा रुपयांच्या पोस्टल ऑर्डरी जोडल्यात. कॅम्पातल्या साहेबांनी सांगितली ती ओळ सगळ्यात वर आहे. सर्किटच्या बाजू आलटून-पालटून आणि परीक्षेचे तास मोकळे, ह्या दोन मागण्यांचं पत्र वेगळं दिलंय. ते ग्रामसभेच्या ठरावासोबत पुन्हा देऊ.

वह्या अकरा घरांत वाटल्यात. शंभर पानी, चार रकाने आखलेल्या. आईला लिहिता येत नाही, तर ती गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं रेघ मारते आणि मी संध्याकाळी मोजून वहीत उतरतो. काल पहाटेच्या धारेला सात रेघा होत्या, आज चार. आज वारं जास्त होतं.

बाईंनी वर्गातली वही मुलांकडेच दिली आहे. "कोणतं काम थांबलं" ह्या रकान्यात पोरं पाढ्याचा आकडा लिहितात, सात सक बेचाळीसला थांबलो, असं. ते तसंच ठेवू या, कुणी सुधारू नका.

पोस्टाची पोच आज दुपारी आली. तीस दिवस आजपासून धरलेत. कुणाकडे विमानांच्या जाती ओळखणारा माणूस असेल तर रविवारी सकाळी साडेसहाला बसस्टँडजवळच्या पिंपळाखाली पाठवा. चहा आमच्याकडे.